चाकामागचा दगड

पुढे जाण्याचा पहिला मान कोणाचा, हा प्रश्न माणसाला तीन ठिकाणी हमखास पडतो: पंगतीत, एस.टी.च्या दारात आणि घाटात. पहिल्या दोन ठिकाणी निकाल कोपरं लावतात. घाटाचा निकाल मात्र सरकारने 1989 सालच्या रस्त्याच्या नियमांत लिहून ठेवला. डोंगरातला रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने कडेला थांबावं आणि चढणाऱ्याला वाट द्यावी.

आम्हा इन्सुलीकरांना हा नियम फार आवडतो, कारण आमच्या नशिबी चढणंच. सावंतवाडीला जायचं म्हटलं की इन्सुलीचा घाट. आंबोलीपुढे ते घाटाचं पिल्लू, पण धाप लावतंच. दाणोली सोडली की मोठा घाट, थेट 690 मीटरांच्या आसपास नेऊन सोडणारा. एवढं चढल्यावर पलीकडे उतार मिळेल म्हणाल, तर नाव नको! तिथे देश सुरू होतो. आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशीसुद्धा आमच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला घटप्रभेकडे निघून जाते.

पुण्याचा भाचा मोटरसायकलवर गोवा करून परत निघाला. "मामा, कोल्हापूरपर्यंत चला," म्हणाला, आणि मी मागे बसलो. मागे बसणाऱ्याला घाटात दोनच कामं: वळणावर झुकणं आणि विचार करणं.

"मामा, तुमचा नियम उलटा आहे," भाचा हेल्मेटातून ओरडला. "उतारावर थांबणं कठीण. चढणाऱ्याचं काय, गॅस सोडला की थांबला!"

मुद्दा बिनतोड होता. तो पुढच्याच वळणावर तुटला. आमच्या पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक, समोरून उतरणारी पर्यटकांची मोटार, नाकाला नाक. मोटारवाले म्हणाले, "वळणावर आम्ही आधी आलो." क्लीनरने उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला आणि शांतपणे म्हणाला, "तुमी मागे गेलास तर धा फूट. आमी गेलंव तर थेट दाणोली!"

मोटार मागे गेली.

प्रश्न थांबणं कुणाला कठीण हा नव्हताच. पुन्हा निघणं कुणाला कठीण, हा होता. उतरणाऱ्याने ब्रेक सोडला की डोंगर त्याला फुकट ढकलतो. चढणाऱ्याला मात्र पहिल्या गिअरपासून सगळं आयुष्य नव्याने सुरू करावं लागतं. ज्याला थांबणं स्वस्त पडतं त्याने थांबावं, एवढाच त्यातला न्याय. वाडवडिलांची इस्टेट आणि मामा-काकांच्या ओळखी घेऊन निघालेला माणूसही "मी आधी आलो" म्हणतो. खोटं नसतं ते. पण आधी येणं हे पुष्कळदा उताराचं कर्तृत्व असतं.

मी हे भाच्याला ऐकवणार, तोच त्याने करकचून ब्रेक दाबला. ट्रक निघून गेला होता आणि क्लीनरचा दगड रस्त्याच्या मधोमध बसला होता.

"आता घ्या चढणाऱ्याची बाजू!"

खरं म्हणजे घेता येते. भरला ट्रक चढावर एकदा हलला की दगडासाठी पुन्हा कोण थांबवणार? पण रात्री, धुक्यात, मागून येणाऱ्या दुचाकीच्या चाकाला ही कैफियत कशी कळावी? आणि हे काय घाटातच चालतं? मुंबईत चुलत्याच्या खोलीत अंथरुणापुरती जागा मिळाली म्हणून टिकलेले गृहस्थ पुढे ब्लॉकमध्ये राहायला जातात आणि नोकरी शोधायला आलेल्या पुतण्याला म्हणतात, "स्वतःच्या पायावर उभं राहायला शिक!" दगड तोच. त्यांना आधाराला होता, पुतण्याला ठेच लागायला.

उतरणाऱ्याने थांबावं, हे सरकारने सांगून झालं. वर पोचताना चढणाऱ्याने आपला दगड उचलावा, हे सांगायला वळणावळणावर पोलीस उभा करता येत नाही. आम्ही दोघांनी मिळून तो डोंगराच्या बाजूला सारला. चांगलाच जड निघाला. मागे बसणाऱ्याला घाटात तिसरंही काम असतं म्हणायचं.