परतीचे तिकीट

स्वेच्छेने पत्करलेल्या गैरसोयीला गरिबी म्हणता येईल काय, हा प्रश्न वरवर पाहता शब्दच्छलाचा वाटेल. परंतु गेल्या काही दशकांत जगभर प्रवासाची जी एक रीत रूढ झाली आहे, तिच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. पाठीवर एक सॅक टाकावी, मिळेल त्या बसने हिंडावे, आठ-आठ जणांच्या खोलीत एक पलंग भाड्याने घ्यावा, रस्त्याच्या कडेला मिळेल ते खावे आणि महिना-दोन महिने परमुलूख पाहावा, अशी ही रीत आहे. तिचे पुरस्कर्ते तिच्या बाजूने दोन गोष्टी सांगतात. खर्च कमी येतो, ही पहिली. तिच्याविषयी वाद नाही. अशा प्रवासाने आपण तेथील सामान्य माणसाच्या जवळ जातो, चार दिवस त्याच्यासारखे जगतो, ही दुसरी. या दुसऱ्या म्हणण्यात तथ्य किती, आणि तथ्य नसेल तर प्रवाशाने करावे काय, याचा येथे विचार करावयाचा आहे.

विचाराला काही आधार हवा म्हणून आम्ही एक शहर घेतो. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, चिली देशात, वाल्पाराइसो नावाचे बंदर आहे. सेवानिवृत्तीनंतर, २०१८ साली, आम्ही उभयतांनी त्या देशात बसने जो प्रवास केला, त्यात या गावी काही दिवस मुक्काम घडला. राजधानी सांतियागोहून ते सुमारे एकशे वीस किलोमीटर आहे. किनाऱ्यालगतच्या डोंगररांगेतील बोगदे आणि मधल्या कासाब्लांका खोऱ्यातले द्राक्षांचे मळे ओलांडून बस दोन तासांच्या आत तेथे पोहोचते. ती थांबते ते स्थानक आणि देशाच्या संसदेची प्रचंड इमारत ही अगदी शेजारी-शेजारी आहेत. १९९० पासून चिलीची संसद या गावात भरते.

गावाची ठेवण समजून घेतल्याशिवाय पुढचा विचार नीट होणार नाही. समुद्रालगत सपाट जमिनीची एक अरुंद पट्टी आहे, आणि तिचाही काही भाग समुद्र हटवून मिळवलेला आहे. पेढ्या, बाजार, कचेऱ्या, १९५२ साली सुरू झालेल्या ट्रॉलीबसचा मार्ग, सारे या पट्टीवर. तिच्या मागे चाळीसहून अधिक टेकड्या अर्धवर्तुळात उभ्या आहेत, आणि गावातील बहुसंख्य लोक या टेकड्यांवर राहतात. खालून वर जाण्यासाठी पायऱ्या, वेड्यावाकड्या रस्त्यांवरून अंग चोरत धावणाऱ्या लहान बस, आणि दोरखंडाने उतारावर ओढल्या जाणाऱ्या डब्यांच्या लिफ्ट. यांतील पहिली लिफ्ट १८८३ साली चालू झाली. एके काळी त्या तिसाच्या घरात होत्या. आज त्यांतल्या थोड्याच चालतात. टेकड्यांच्या अंगावर लाकडी सांगाड्याची, पन्हळी पत्र्यांनी मढवलेली घरे एकावर एक रचल्यासारखी दिसतात. निळी, पिवळी, तांबडी, हिरवी. जहाजे रंगवून उरलेला रंग खलाशी घरी आणत आणि त्यानेच घरे रंगवीत, असे तेथे सांगतात.

दृश्य विलोभनीय आहे, यात संशय नाही. परंतु हे सौंदर्य आले कोठून? पनामाचा कालवा नव्हता तोवर, अटलांटिकमधून पॅसिफिककडे जाणाऱ्या जहाजांना दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालावा लागे, आणि तो वळसा संपल्यावर विसाव्याचे मोठे बंदर म्हणजे वाल्पाराइसो. इंग्रज आणि जर्मन व्यापारी तेथे स्थायिक झाले, टेकड्यांवर त्यांनी बंगले बांधले. १९०६ साली भूकंपाने गावाचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. त्यातून ते सावरत होते तोच १९१४ साली कालवा खुला झाला आणि जहाजांची वाट बदलली. व्यापार गेला, भांडवल सांतियागोला गेले. ज्या गावात पैसा येत राहतो तेथे जुनी घरे पाडून नवी बांधतात. येथे पाडायलाही पैसा उरला नाही, म्हणून जुने तसेच राहिले. २००३ साली युनेस्कोने या गावाच्या ऐतिहासिक भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जागतिकीकरणाच्या प्रारंभकाळाची साक्ष म्हणून. आज प्रवासी जे डोळे भरून पाहतो, ते पुष्कळ अंशी एका गावाच्या ओढवलेल्या दैवाने राखून ठेवलेले आहे.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. या गावात माणूस जसजसा वर चढतो तसतसे दृश्य विशाल होत जाते आणि घरे गरीब होत जातात. खालच्या टेकड्यांवर, जुन्या व्यापाऱ्यांच्या वस्तीत, आता उपाहारगृहे आणि अतिथीगृहे आहेत. तेथील एक जिना पियानोच्या पट्ट्यांसारखा रंगवलेला आहे आणि त्यावर बसून छायाचित्रे काढण्यासाठी रांग लागते. वरच्या कडेला मात्र ज्यांना अन्यत्र जागा मिळाली नाही त्यांनी घळींच्या काठावर, मिळतील त्या फळ्या-पत्र्यांनी घरे उभारली आहेत. प्रवासी उंचावर जातो तो समुद्र पाहण्यासाठी. तेथे राहणारा उंचावर गेला तो खाली जागा परवडत नाही म्हणून. आमच्या बसमधून एक प्रौढ बाई भाजीच्या दोन जड पिशव्या घेऊन उतरल्या आणि रस्त्यापासून वर निघालेल्या जिन्याला लागल्या. दर दहा-बारा पायऱ्यांवर त्या थांबत होत्या. त्याच जिन्याचे वर्णन प्रवाशांसाठीच्या पुस्तिकेत 'रमणीय चढण' असे केलेले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. परंतु एकाच वेळी एकाच माणसाला त्या दोन्ही खऱ्या वाटणे शक्य नव्हते.

१२ एप्रिल २०१४ रोजी या वरच्या वस्त्यांना वणवा लागला. पंधरा माणसे मृत्यू पावली, अडीच हजारांहून अधिक घरे जळाली, हजारो लोक उघड्यावर आले. अरुंद चढावांवरून अग्निशामक गाड्या वर पोहोचणे दुरापास्त झाले. घळींत साचलेला कचरा आणि वाळलेली झाडे यांनी आगीला वाट दिली, आणि लाकडी घरे एकमेकांना चिकटून होती. म्हणजे ज्या गोष्टींना आपण रमणीय म्हणतो, त्या वळणदार वाटा, ती दाटीवाटी, त्या लाकडी भिंती, त्याच त्या दिवशी जीवघेण्या ठरल्या. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या विन्या देल मार, किल्पुए आणि व्हिया आलेमाना या गावांच्या टेकड्यांवर त्याहून भीषण वणवा पेटला आणि एकशे तीसहून अधिक लोक दगावले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सॅक घेऊन हिंडणारा प्रवासी आणि ती पिशव्या वाहणारी बाई एकाच बसमध्ये, एकाच भाड्यात बसतात. दोघांच्या अंगावर ओझे आहे. तरीही दोघे एकाच स्थितीत आहेत असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. प्रवाशाच्या कमरपट्ट्यात बँकेचे कार्ड असते, पासपोर्ट असतो आणि ठरलेल्या तारखेचे परतीचे तिकीट असते. गरिबीचा खरा अर्थ कमी खाणे किंवा कठीण पलंगावर निजणे एवढाच नव्हे. त्या स्थितीतून आपल्या मर्जीने बाहेर पडता न येणे, हा तो अर्थ आहे. ज्याच्याजवळ बाहेर पडण्याची वाट राखीव आहे, त्याने गरिबीची गैरसोय अनुभवली असेल, गरिबी अनुभवलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे स्वेच्छेने अकिंचन होण्याची परंपरा प्राचीन आहे. माधुकरी मागणाऱ्याला किंवा वारीत पायी चालणाऱ्याला आपण ढोंगी म्हणत नाही. मग या प्रवाशालाच हा नियम का? आक्षेप विचारार्ह आहे. परंतु व्रत आणि सोंग यांतला भेद आपल्या परंपरेनेच करून ठेवला आहे. व्रत घेणाऱ्याला बांधते. गैरसोय झाली म्हणून ते मध्येच मोडता येत नाही. शिवाय वारकरी वाटेवरच्या गरिबाकडे पाहण्यासाठी निघालेला नसतो; त्याचे लक्ष पंढरीकडे असते. गरीब माणसाचे जगणे हेच ज्याच्या प्रवासाचे दृश्य आहे, त्याची गोष्ट वेगळी. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फिटावे, दक्षिणा मिळावी म्हणून. ग्वाल्हेर आणि झाशी त्यांनी पाहिली ती त्या ओघात. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकाला जे वजन आहे, त्याचे एक कारण हेच की, ज्या संकटाचे ते वर्णन करतात त्यात ते स्वतः सापडलेले होते.

मग सॅकवाल्या प्रवाशाने जाऊच नये काय? असे आम्ही म्हणणार नाही. महागड्या हॉटेलात उतरून काचेआडून गाव पाहणाऱ्यापेक्षा तो निश्चितच बरा. त्याचा पैसा लहान खानावळीत, कोपऱ्यावरच्या दुकानात, बसच्या भाड्यात जातो. बसमध्ये गिटार घेऊन चढणारा गायक, गोळ्या-चॉकलेटे विकणारा पोऱ्या, शेजारी झोपी गेलेला गोदी-कामगार यांच्यासह तो तासभर काढतो. हे मोटारीतून जाणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. जवळीक खरी आहे. समानतेचा दावा तेवढा खोटा आहे. आणि हा दावा निरुपद्रवीही नाही. आपण येथल्या माणसासारखेच आहोत, अशी एकदा समजूत झाली की विणकाम विकणाऱ्या आजीशी पाचशे पेसोंसाठी अर्धा तास घासाघीस करण्यात प्रवाशाला काही वावगे वाटेनासे होते. स्वस्ताई हेच व्रत होऊन बसते, आणि त्या व्रताचे उद्यापन त्या आजीच्या खर्चाने होते.

याच गावात १९५२ च्या मार्च महिन्यात एर्नेस्तो गेव्हारा हा तेवीस वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी मित्रासह आला होता. मोटारसायकल निकामी झालेली, जवळ पैसे नाहीत. दम्याने जर्जर झालेल्या एका गरीब वृद्ध स्त्रीला पाहण्यासाठी त्याला नेण्यात आले. त्याने पथ्य सांगितले, जवळच्या काही गोळ्या दिल्या, आणि आपल्या हाती याहून अधिक काही नाही ही जाणीव रोजनिशीवजा टिपणांत नोंदवून ठेवली. पुढे त्याने जो मार्ग धरला त्याविषयी तीव्र मतभेद आहेत आणि राहतील. तो येथे विषय नाही. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, त्या खोलीचे त्याने दृश्य केले नाही. आपण येथून निघून जाऊ आणि ही येथेच राहील, हे त्याने स्वतःपासून लपवले नाही.

या प्रश्नाचा दुसरा पैलू आपणा वाचकांना मुद्दाम समजावून सांगण्याची गरज नसावी. आपण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर वसलेली माणसे. आपले पूर्वज ज्या दिवशी निघाले त्या दिवशी त्यांच्याजवळ परतीचे तिकीट नव्हते. आणि पुण्या-मुंबईहून आलेला पाहुणा आपल्या जुन्या वाड्याच्या चौकात उभा राहून, खांबांवरच्या नक्षीवरून हात फिरवीत, आपल्या बोलीतल्या एखाद्या जुन्या शब्दावर खूश होऊन जेव्हा म्हणतो, 'किती छान जपलंय हो सगळं, असंच राहू द्या', तेव्हा आपल्याला सुख वाटते आणि थोडे बोचतेही. कारण माडीचे छत गळते आहे, दुरुस्तीला सुतार मिळत नाही, आणि मुले नोकरीसाठी दूर गेली आहेत, हे त्याला दिसलेले नसते. पाहुण्याचे कौतुक खोटे नसते. ते अपुरे असते. वाल्पाराइसोच्या टेकडीवर उभ्या असलेल्या प्रवाशाची जागा त्या पाहुण्याची आहे. ज्यांनी स्वतः दृश्य होण्याचा अनुभव घेतला आहे, त्यांना दुसऱ्याकडे पाहताना काही अधिक समज असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

या विवेचनातून प्रवाशाची तीन कर्तव्ये निघतात, असे आम्हाला वाटते. पहिले, आपण तेथल्या लोकांसारखे जगलो असे म्हणू नये. त्यांच्यामध्ये राहिलो, एवढेच म्हणावे. दुसरे, काटकसर करावयाची ती स्वतःच्या सोयीत करावी, दुसऱ्याच्या श्रमाच्या मोलात करू नये. पलंग कठीण चालेल. विणलेल्या टोपीचे दाम मागितले तेवढे द्यावे. तिसरे, आणि सर्वांत दुर्लक्षित, जे सुंदर दिसते त्याच्यामागील कारण विचारावे, आणि घरी परतल्यावर वर्णन करताना सौंदर्याबरोबर ते कारणही सांगावे. रंगीत पत्र्यांचे वर्णन करणाऱ्याने वणव्याचे वर्ष गाळू नये.

यापेक्षा अधिक काही साधेल, असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. ही तिन्ही कर्तव्ये पाळूनही पिशव्या वाहणाऱ्या त्या बाईंच्या पायऱ्या कमी होत नाहीत. पायऱ्या कमी करणे हे तेथील नगरपालिकेचे आणि शासनाचे काम आहे. बंद पडलेल्या लिफ्ट पुन्हा चालू व्हाव्यात म्हणून तेथले रहिवासी आपला लढा देत आले आहेत, आणि तो त्यांचाच आहे. प्रवाशाच्या हाती असते ती आपली नजर स्वच्छ ठेवणे आणि बोलणे खरे ठेवणे. परतीचे तिकीट जवळ असण्यात काही पाप नाही. ते जवळ आहे याचा स्वतःला विसर पडू देऊ नये.