कुळाचा शोध आणि पितरांचे ऋण

तैत्तिरीय संहितेत देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली आहेत. वंशावळ शोधण्यामागील धार्मिक प्रेरणा पितृऋणाची आहे. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह यांचा नाव-गोत्रासह उच्चार होतो. त्यापलीकडची नावे बहुतेक घरांत कोणाला आठवत नाहीत.

शोधाची सुरुवात घरातल्या वडीलधाऱ्यांपासून होते. मूळ गाव, कुलदैवत, देवक आणि सोयरिकी त्यांच्याकडून कळतात. पुढच्या पायरीवर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, जमिनीचे उतारे आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद उपयोगी पडतात.

आडनाव मात्र एकटे पुरावा ठरत नाही. पाटील, कुलकर्णी, देशपांडे ही वतनावरून आलेली आडनावे आहेत, तर ‘कर’ जोडलेली बरीचशी गावावरून. एकच आडनाव अनेक जातींत आढळते. गावावरून आडनाव येते तसे उलटही घडते: दाभाडे घराण्यावरून तळेगावलाच ‘तळेगाव दाभाडे’ हे नाव मिळाले.

आडनावाशिवाय झालेली कुटुंबाची जुनी नोंदही याच परिसरात आहे. तळेगावजवळच्या घोरावाडीच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तेथील एका ब्राह्मी लेखात लेण्याचे दान देणाऱ्या स्त्रीचे नाव आहे. ती धेनुकाकट येथील उसभणक नावाच्या शेतकरी कुटुंबप्रमुखाची पत्नी. दानात तिचा मुलगा नंद सहभागी आहे. लेखात आडनाव नाही, पण गाव, व्यवसाय, पती, पुत्र आणि दान या सर्वांची नोंद आहे. पुढच्या काळातील अनेक वंशावळींत स्त्रियांची नावे गळाली. इथे दान देणारी स्त्रीच मुख्य आहे.

याच डोंगराशी संत तुकोबांच्या एकांतवासाची परंपरा जोडली जाते. त्यांचे घराणे मोरे, उपनाव आंबिले. त्यांचे पूर्वज विश्वंभरबुवा यांच्यापासून विठ्ठलभक्ती घरात चालत आल्याचे मानले जाते. तुकोबांनी आपल्या अभंगांत स्वतःला कुणबी म्हटले. कुळाचा वारसा त्यांनी नाकारला नाही, पण श्रेष्ठतेचे माप भक्तीला मानले, जन्माला नाही.

कुलदैवतही एकाच समाजापुरते नसते. कार्ल्याची एकवीरा कोळी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा वेगवेगळ्या समाजांतील कुळांचे दैवत आहे. गणितही कुळाचा असाच विस्तार दाखवते: दहा पिढ्या मागे गेल्यास एका माणसाच्या वंशवृक्षात त्या पिढीतील १,०२४ स्थाने असतात, आणि आडनाव त्यांतील एकाच धाग्याने येते. उरलेल्या धाग्यांत माता, आज्या आणि त्यांची माहेरे आहेत. म्हणून कुळाच्या शोधातून प्रतिष्ठेचा दावा सिद्ध होत नाही. ऋण किती जणांचे आहे एवढेच कळते. ते फेडायचे तर वंशावळ लिहिताना स्त्रियांची नावे आणि त्यांची माहेरची गावेही नोंदवली पाहिजेत.