आसन मांडण्याआधी जागा

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ११



सहावा अध्याय म्हटलं की आपल्याला ताठ पाठ, नाकाच्या शेंड्यावरची नजर आणि वारा नसलेल्या जागी न हलणारी दिव्याची ज्योत आठवते. पण त्याआधी भगवंत जागेबद्दल बोलतात. जागा स्वच्छ असावी, आसन स्थिर असावं, फार उंच नसावं, फार खालीही नसावं. मन एकाग्र करण्याची गोष्ट पुढच्या श्लोकात येते. म्हणजे आधी कुठे बसायचं ते ठरवायचं, मनाकडे त्यानंतर वळायचं.

आपण हा क्रम उलटा लावतो. "मन खंबीर असेल तर माणूस कुठेही राहू शकतो" असं आपण सहज बोलून जातो. अर्जुनासारख्याला भगवंतांनी असं सांगितलं नाही, हे मात्र विसरतो.

हा श्लोक आज घ्यायला एक कारण आहे. आपल्या माजिवड्याच्या रविवारच्या वाचनाला येणाऱ्या एका ताईचा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडतोय. दारू होती, बरीच वर्षं. केंद्रातल्या समुपदेशकांनी सुचवलंय की लगेच घरी नेऊ नका, काही महिने सोबर होममध्ये ठेवा. म्हणजे उपचार संपलेली माणसं नशेशिवाय, नियम पाळून एकत्र राहतात असं घर. तिथून तो कामावर जाईल, संध्याकाळी परत येईल. आईचा याला ठाम नकार आहे. "अगं, माझा मुलगा बरा झालाय ना? मग परक्यांच्या दारात कशाला? गणपतीत तो घरी नसला तर सोसायटीत काय सांगू?" ताईने मला विचारलं, दादा, यावर शास्त्र काय म्हणतं?

शास्त्रात सोबर होम नाही. पण बसायची जागा आहे.

आपल्याकडे 'बसणे' या शब्दाचं काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे. शुक्रवारी संध्याकाळी मेसेज येतो, "आज बसायचं का?" कशासाठी, हे कोणी विचारत नाही. त्या बसण्याची जागा, माणसं, टेबल, चकणा सगळं ठरलेलं असतं. माजिवडा नाक्यावरून घोडबंदरकडे वळा, कापूरबावडीला उतरा किंवा बाळकुमकडे जा, त्या माणसाला प्रत्येक वळणावर आपली जुनी बैठक दिसते. आपल्याला तिथे मेट्रोचे खांब दिसतात, त्याला दिसतं ते शटर.

दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी हे नेमकं सांगून ठेवलंय. खाणं बंद केलं की विषय दूर जातात, पण त्यांची गोडी आत शिल्लक राहते (२.५९). केंद्रात बाटली दूर गेली, गोडी त्याच्याबरोबर घरी येणार आहे. तीन श्लोकांनी पुढे उतरणीच्या पायऱ्या आहेत : विषयाचा विचार करत राहिलं की ओढ, ओढीतून इच्छा, इच्छेतून राग, रागातून भ्रम, मग आठवणीचा गोंधळ, मग बुद्धी जाते आणि माणूस जातो. पहिल्या पायरीवर दारूचा थेंबही नाही, फक्त विचार आहे. आणि विचार रोज त्याच खिडकीतून येत असेल, तर खिडकी बदलणं हा पळपुटेपणा कसा?

पुण्याचं मुक्तांगण तुम्हाला माहीत असेल. डॉ. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले, आणि १९८६ मध्ये येरवड्याला हे केंद्र सुरू झालं. ते उभं केलं आणि चालवलं ते डॉ. सुनंदा अवचटांनी. तिथला निवासी उपचार साधारण पाच आठवड्यांचा असतो. पण बाहेर पडल्यावर ठरावीक काळाने पाठपुराव्याला यायचं, गटात बसायचं, घरच्यांनीही आपल्या गटात यायचं, हा उपचाराचाच भाग धरला जातो. पाच आठवड्यांत शरीर सावरतं. पंधरा वर्षांच्या सवयीपुढे पाच आठवडे म्हणजे एका श्रावणाहून थोडेसेच जास्त. "बरा झाला" हे आईचं वाक्य खोटं नाही. ते अर्धवट आहे, एवढंच.

आता माउलींकडे येऊ. शके १२१२ मध्ये नेवाशाला सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत या एका श्लोकासाठी माउली बराच वेळ जागेचंच वर्णन करतात. मला ते फार आवडतं. निवांतपणासाठी सहज बसलं तरी उठावंसं वाटू नये अशी ती जागा. नुसती पाहिली तरी वैराग्य दुप्पट व्हावं. एखादा नास्तिक वाट चुकून आला तर त्यालाही तप करावंसं वाटावं. पाणी जवळ हवं, ऊन कोवळं, वारा मंद. मग पक्ष्यांची यादी येते. हंस चालतील, दोनचार सारस चालतील, कोकिळा अधूनमधून आली तर हरकत नाही, मोर नेहमी नसावेत पण येऊन-जाऊन असावेत. (पोपट आणि भुंगे मात्र नकोत! आवाजाची एवढी काळजी घेणाऱ्या माउलींना माजिवड्याच्या उड्डाणपुलाखाली सकाळी नऊ वाजता नेलं असतं तर काय म्हणाले असते, असा प्रश्न मला नेहमी पडतो.)

एवढं वर्णन करून माउली शेवटी जी कसोटी देतात ती अगदी साधी आहे. मन तिथे राहतं का ते पाहावं, राहिलं तर तिथेच आसन मांडावं. जागा सुंदर असण्याला त्यांच्या लेखी एवढाच अर्थ आहे.

ताईला मी हेच म्हटलं. माहितीपत्रकातले फोटो, बाग, योगा हॉल हे सगळं बाजूला ठेव. जाऊन बघ की तिथे राहणाऱ्यांचं मन तिथे राहतंय का. दुपारी चारला जा, न सांगता. चार महिने राहिलेल्या कोणाशी तरी चालकांच्या गैरहजेरीत बोल. दिवस कसा जातो, संध्याकाळी सात ते दहा काय करता, हे विचार. सात ते दहा हीच त्याची जुनी बसायची वेळ होती ना.

आणि आसनाची उंची बघ. माउली म्हणतात, आसन उंच झालं तर अंग डोलतं, खाली झालं तर जमिनीचा दोष लागतो. काही घरं फार उंच असतात. फोन काढून घेतात, महिनाभर घरच्यांना भेटू देत नाहीत, शिक्षा म्हणून उभं करतात, मारतातही. माणूस तिथे भीतीने टिकतो. भीती दाराबाहेर सोबत येत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी डोलतो. उलट काही घरं इतकी खाली असतात की ती नुसती लॉज असतात. कोण किती वाजता आलं याची नोंद नाही, तपासणी नाही, आठवड्याची बैठक नाही. जुन्या जमिनीची ओल तिथे सरळ अंगात चढते. मधली उंची म्हणजे रात्री परतायची वेळ ठरलेली, अधूनमधून तपासणी, स्वयंपाक-झाडलोट वाटून घेतलेली, भाड्याचा वाटा स्वतःच्या कमाईतून, आणि नियम सगळ्यांना सारखे.

अमेरिकेत १९७५ साली मेरीलँडमध्ये अशीच काही माणसं एका घरात एकत्र राहू लागली. त्यांचं सरकारी मदतीवर चालणारं घर बंद होत होतं, तेव्हा त्यांनी ते स्वतःच भाड्याने घेतलं. ऑक्सफर्ड हाउस हे त्याचं नाव. वर देखरेख करणारा साहेब नाही. निर्णय मतदानाने, खर्च वाटून, आणि जो पुन्हा प्यायला त्याने घर सोडायचं. आज अशी हजारो घरं आहेत. मला यातला साहेब नसण्याचा भाग महत्त्वाचा वाटतो. सहाव्याच अध्यायात भगवंत म्हणतात की माणसाने स्वतःच स्वतःला वर काढावं. पण घर सोडायला लावण्याच्या नियमाबद्दल ताईने एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी : पाय घसरला तर त्या रात्री काय करता? रस्त्यावर सोडता की दवाखान्यात नेऊन घरच्यांना फोन करता? याचं उत्तर गुळमुळीत आलं तर ते घर सोडून द्यावं.

औषधांचंही तसंच. "आमच्याकडे गोळ्या नाहीत, फक्त नामस्मरण" असं कोणी म्हणालं तर मी नामस्मरण करणारा माणूस असूनही सांगतो, तिथून उठा. डॉक्टरांनी दिलेलं औषध डॉक्टरच बंद करतील. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आणि गर्द, ब्राऊन शुगर, सुई या वाटेने गेलेल्यांच्या घरच्यांनी तर एक गोष्ट डोक्यात कोरून ठेवावी. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. मग जुन्या सवयीने जुन्याच मात्रेत घेतलं तर श्वास थांबतो. केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणूनच सगळ्यात धोक्याचे.

कायद्याचंही थोडं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून आलेल्या आजारालाही लागू होतो, आणि उपचार संपलेल्यांसाठी हाफवे होमसारखी सोय असावी हेही त्यात आहे. ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या जागेची राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. साखळीने बांधायला मनाई आहे. नोंदणीचा कागद मागायला लाजू नका. पैशांची पावती घ्या आणि तो मध्येच निघाला तर काय परत मिळेल हे लिहून घ्या. मुलीसाठी किंवा बहिणीसाठी शोधत असाल तर फक्त बायकांचंच घर बघा, तडजोड करू नका.

घर ठाण्यात असावं की लांब? माझं मत, पहिले काही महिने आपला नाका नको. पण इतकंही लांब नको की रविवारी आईला डबा घेऊन जाता येणार नाही. कर्जत-कल्याणच्या पट्ट्यात मिळालं तर लोकलने जाता येतं. मात्र चालत जाता येईल अशा अंतरावर किंवा एका रिक्षाच्या टप्प्यात अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची मीटिंग हवीच. तिथे फी नाही, आडनाव विचारत नाहीत. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावात दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलून जे सुरू केलं, ते अजून तसंच चाललंय, एक दुसऱ्याला धरून. आपण त्याला सत्संग म्हणतो.

राहिली आई. तिला मी श्लोक सांगणार नाहीये, गाडगेबाबांची आई सांगणार आहे. बाबांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन शेणगावातून माहेरी, दापुऱ्याला भावाकडे गेल्या. पोर वाढलं ते मामाच्या घरी. त्या काळी नवऱ्याचं घर सोडून भावाच्या दारात जाणाऱ्या बाईला गावाने काय काय म्हटलं असेल? पण त्यांनी पोरासाठी जागा बदलली. आणि तोच डेबू मोठा होऊन उभा जन्म काय बांधत राहिला? धर्मशाळा. पंढरपूरला, नाशिकला, जिथे जिथे माणसाला रात्री पाठ टेकायला जागा नव्हती तिथे. परक्यांच्या छपराखाली राहण्यात कमीपणा असतो असं त्या माणसाला कधी वाटलं असेल का?

गणपतीचं म्हणाल तर दीड दिवसाचा बसवा. तो सकाळी आरतीला येईल, जेवेल, संध्याकाळी सातच्या आत परत जाईल, सोबत त्याच्या घरातला एखादा मित्र घेऊन. मोदक दोघांनाही वाढा. सोसायटीत कोणी विचारलंच तर "बाहेरगावी कामाला आहे" असं सांगायला हरकत नाही. तो खरंच कामाला लागलेला असेल.

ताई शनिवारी दोन घरं बघायला जातेय, आईला घेऊन. बरोबर कोणी हवं असेल तर मी मोकळा आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी हेच चालू असेल आणि कोणाशी बोलायचं ते कळत नसेल, तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत. मन फार खचलं असेल तर टेलिमानस, १४४१६, मराठीत बोलतात.

उद्या श्लोक १२ घेऊ.

राम कृष्ण हरी.