विद्येचा सांधा

वांद्र्याच्या पूर्वेला, वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसीत), गूगलचे कार्यालय आहे. एप्रिल २०२३ मध्ये ॲपलने भारतातले आपले पहिले दुकान तिथेच उघडले. त्याच संकुलाला खेटून भारत नगरची वस्ती आहे, रुळांलगत बेहरामपाडा आहे, आणि पश्चिमेला जेझुइटांनी १८६३ साली सुरू केलेली सेंट स्टॅनिस्लॉस शाळा आहे. शिक्षकाच्या हाती संगणक देताना त्याला नेमके काय शिकवायचे, हा प्रश्न या टापूतल्या श्रीमंत-गरीब सगळ्याच वर्गांपुढे उभा आहे. त्याचे उत्तर आपण आजवर परिपत्रकांत शोधले. माझ्या मते तो आधी तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. ज्ञान ही एकाकडून दुसऱ्याकडे पोचवायची वस्तू आहे, की दोघांच्या मध्ये घडणारी गोष्ट? पहिले खरे असेल, तर शिक्षकाला बटणे शिकवली की काम भागेल. दुसरे खरे असेल, तर प्रशिक्षण मुळापासून वेगळे आखावे लागेल.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत याचा फार नेमका विचार आहे. तिथे आचार्याला पूर्वीचे अक्षर म्हटले आहे, शिष्याला नंतरचे. विद्या हा दोहोंचा संधी, आणि प्रवचन म्हणजे तो जुळवणारे संधान. ही उपमा उच्चारशास्त्रातली आहे आणि तिच्यात खोल अर्थ दडला आहे. अ आणि इ जवळ आले की ए होतो. दोन्ही अक्षरे आपले पहिले रूप सोडतात आणि जे उरते ते कोणा एकाचे नसते. या दृष्टीने शिकवणाऱ्याच्या बाजूनेही काही बदलले नाही, तर शिकवणे झालेच नाही. मग संगणक या मांडणीत कुठे बसतो? तो संधानाला मदत करू शकतो, किंवा पूर्वीच्या अक्षराच्या जागी जाऊन बसू शकतो. पण हे यंत्राचे अक्षर कधीच बदलत नाही. प्रश्न कोणताही येवो, चित्रफीत पुढच्या वाक्याकडेच जाते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही, याला आपल्या शेजारचाच पुरावा आहे. गुजरातमध्ये ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत अर्थशास्त्रज्ञ ली लिंडन यांनी केलेला अभ्यास २००८ साली पुढे आला. गणिताचा एकच संगणकीय कार्यक्रम दोन प्रकारे वापरला गेला. जिथे तो शिक्षकाच्या तासाच्या जागी आला, तिथे मुलांचे गुण प्रमाण विचलनाच्या ०.५७ इतके घसरले. जिथे शाळेच्या वेळेबाहेर जोड म्हणून आला, तिथे ०.२८ ने वाढले. यंत्र तेच, धडे तेच, परिणाम उलटे. पेरूमध्ये प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याची योजना झाली. तिच्या २०१२ सालच्या मूल्यमापनात गणित आणि भाषेत काहीच फरक दिसला नाही. आणि आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, २०१५ साली अनेक देशांचे निकाल ताडून पाहिले, तेव्हा शाळांतल्या संगणकांवर भरपूर खर्च करणाऱ्या देशांत वाचन, गणित किंवा विज्ञानात लक्षणीय सुधारणा आढळली नाही.

महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लाखो लोकांची संगणकाची भीती घालवली. ते मोठे काम आहे, पण ते साक्षरतेचे काम आहे. शिक्षकासाठी पुढे ‘दीक्षा’ हे ऑनलाइन व्यासपीठ आले (२०१७), ‘निष्ठा’ हा प्रशिक्षण कार्यक्रम आला (२०१९), आणि ऑक्टोबर २०२० पासून निष्ठेचे प्रशिक्षण दीक्षेवर ऑनलाइन सुरू झाले. या नावांपाशी थांबावेसे वाटते. आपल्या सगळ्या संप्रदायांत दीक्षा कोणीतरी कोणालातरी देतो. देणारा समोरच्याची तयारी पाहतो, वेळ पाहतो, प्रसंगी नकारही देतो. ऑनलाइन अभ्यासक्रमात शिक्षक चित्रफीत पाहतो, प्रश्नावली सोडवतो, प्रमाणपत्र उतरवून घेतो. या साऱ्यातून त्याला न सांगता एक धडा मिळतो: पाहणे म्हणजेच शिकणे. माणूस जसा शिकतो तसा शिकवतो. उद्या तो वर्गात फळा पुसून पडदा लावील, तेव्हा दोष त्याच्या आळसाचा नसेल. तो आपल्याला मिळालेली दीक्षाच पुढे देत असेल.

विशेष म्हणजे योग्य वाट कागदावर आहे. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले तेव्हा अभ्यासक्रमात माहिती तंत्रज्ञानाच्या ‘चिकित्सक आकलना’चा स्वतंत्र भाग घातला गेला. त्यातला ‘चिकित्सक’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साधन कधी वापरायचे याच्याइतकेच कधी बंद करायचे हे कळणे म्हणजे चिकित्सा.

यावर पहिला आक्षेप एकलव्याचा. त्याला मातीची मूर्ती पुरली, मग मुलांना पडदा का पुरू नये? पण मूर्तीने एकलव्याला काही सांगितले नव्हते. चुकणे, पारखणे, सुधारणे हे सगळे त्याने स्वतः केले. तो शिष्यही होता आणि आचार्यही. असा एखादा निघतो. शाळा उरलेल्यांसाठी असते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो न्यायाचा आहे. ज्या शाळेत गणिताचा चांगला शिक्षकच नाही, तिथल्या मुलाला उत्तम धडा पडद्यावर मिळत असेल, तर संधानाच्या गोष्टी सांगून तो नाकारायचा का? मुळीच नाही. धडा द्यावाच. पण बेहरामपाड्यातल्या मुलाला पडदा आणि श्रीमंत पाली हिलच्या मुलाला माणूस, अशी वाटणी होऊ लागली, तर त्याला समता म्हणता येणार नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा एका खोलीत एका फोनवर तीन भावंडांनी शिकायचे म्हणजे काय, हे अशा वस्त्यांनी भोगले आहे.

तिसरा आक्षेप इतिहासाचा: प्रत्येक नव्या साधनाला असाच विरोध झाला. खरे आहे. पाणिनीय शिक्षेत लिहिलेले पाहून म्हणणारा अधम पाठकांत मोजला आहे. प्लेटोच्या ‘फीद्रस’मध्येही लेखनाने स्मरण दुबळे होईल अशी भीती आहे. त्यांचे म्हणणे चुकले नव्हते. स्मरण दुबळे झालेच. तरी लेखन हितकारक ठरले, कारण पोथीभोवती भाष्याची आणि शंका-समाधानाची परंपरा उभी राहिली. पोथी उघडून बसलेला गुरू ‘इथे थांब, याचा अर्थ काय?’ असे विचारायला शिकला. पण ती परंपरा घडायला पिढ्या लागल्या. पडद्याभोवती तशी परंपरा उभी करायची, तर सुरुवात शिक्षकाच्या प्रशिक्षणातच करावी लागेल.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. त्यातले निम्मे तास एका शाळेच्या चार-पाच शिक्षकांनी एकत्र बसून घालवावेत. अपूर्णांकांची एकच चित्रफीत घ्यावी आणि ती कुठे थांबवायची, यावर वाद घालावा. एक म्हणेल, छेद समान करण्यापूर्वी. दुसरी म्हणेल, त्याच्याही आधी, कारण माझ्या वर्गातली मुले अर्ध्यापेक्षा पाव मोठा समजतात, दोनापेक्षा चार मोठा म्हणून. तिला हे ठाऊक आहे, कारण ती त्या मुलांच्या वह्या तपासते.