कापूस इथला, चाती कुठली?

2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क तात्पुरते उठवले आणि सप्टेंबरअखेरची मुदत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के कर लादल्यामुळे कापड उद्योगाला स्वस्त रुई हवी होती. विदर्भात तेव्हा कापूस शेतात उभा होता आणि वेचणी तोंडावर आली होती. शेतकऱ्यांनी विरोध केला की एक ठरलेले उत्तर मिळते: कच्च्या मालाच्या भावावरून किती दिवस भांडणार, उद्योग आले की प्रश्न सुटेल, बुटीबोरीकडे पाहा. त्याला जोडून दुसरे विधान येते, की साम्राज्यवाद इतिहासजमा झाला आणि जाताना इंग्रजांनी रेल्वे आणि गिरण्या तरी दिल्या. माझा वाद या दोन्ही विधानांशी आहे, कारण दोन्हींमागे एकच समज आहे. कारखाना आपल्या मुलखात उभा राहिला म्हणजे त्या मुलखाचे औद्योगिकीकरण झाले, अशी ती समज.

तर बुटीबोरीकडेच पाहू. नागपूरहून दक्षिणेला निघालेला महामार्ग इथे फुटतो. एक रस्ता वर्ध्याकडे जातो, दुसरा हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे. दोन्ही रस्त्यांना दुतर्फा कापसाची शेती आहे. इथल्या एमआयडीसीत इंडोरामाचा मोठा कारखाना 1990 च्या दशकापासून धागा तयार करतो, आणि तो धागा पॉलिएस्टरचा आहे. त्याचा कच्चा माल खनिज तेलापासून बनतो, वर्ध्याच्या काळ्या मातीत पिकत नाही. यात कारखान्याचा काही दोष नाही. त्याने रोजगार दिला आणि लोकांना परवडणारे कापड शक्य केले. पण कापसाच्या ऐन पट्ट्यातला हा धाग्याचा कारखाना शेजारच्या बोंडाशी कसलेही नाते न ठेवता चालू शकतो, ही गोष्ट साधी नाही. हे नाते आधी तुटलेले होते, आणि ते कोणी व कसे तोडले याची नोंद कागदावर आहे.

1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले, 1854 मध्ये भोसल्यांचे नागपूर खालसा झाले. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि लँकेशायरची नजर या मुलखावर खिळली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. बुटीबोरी त्याच मार्गावर आहे. याच काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी खास कॉटन कमिशनर नेमला गेला, हॅरी रिव्हेट-कार्नॅक. त्याने आपला हिशेब उघड मांडला आहे. रेल्वेचा फाटा आला की विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्तात विकता येईल, त्यामुळे आज इथेच सुताला लागणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि सूत कातणारी, कापड विणणारी माणसे शेतमजुरीला मिळतील, अशी त्याची अपेक्षा होती. औद्योगिकीकरणाने जग बदलले असे आपण म्हणतो तेव्हा इंजिने आणि धुराडी डोळ्यांपुढे येतात. पण मँचेस्टरला धुराडी वाढत असताना इथे कारागिराचा मजूर व्हावा, हा त्याच बदलाचा दुसरा अर्धा भाग होता. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत, रेल्वे आणि रोख पीक दोन्ही असलेल्या वऱ्हाडातही माणसे भुकेने मेली.

यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप नागपुरातच उभा होता, तो म्हणजे एम्प्रेस मिल. जमशेदजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडले ते विचारपूर्वक. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि बाजारही जवळ. 1 जानेवारी 1877 रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, सुमारे 30,000 चात्या आणि 450 मागांची ही गिरणी सुरू झाली. 1880 च्या दशकात तिने रिंग चात्या वापरून पाहिल्या. लँकेशायर तेव्हा जुन्या म्यूललाच धरून होते. भांडवल देशी, कापूस इथला, तंत्र पुढचे, आणि हे सारे इंग्रजांच्या राज्यात घडले. मग साम्राज्याने उद्योग मारला असे सरसकट कसे म्हणावे? शिवाय तीर्थंकर रॉय यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले आहे की हातमाग संपला नाही, त्याने रूप बदलले. नागपूर, उमरेड आणि भंडाऱ्याकडचे कोष्टी गिरणीच्या सुतावर लुगडी आणि धोतरे विणत राहिले. हाताने कातणे बुडाले, पण जवळच्या गिरणीच्या सुताने माग तगला.

हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्यामुळे माझाच युक्तिवाद बदलतो. यंत्र विरुद्ध हात अशी ही लढाई नव्हती. जवळचे यंत्र हाताला पूरक ठरू शकत होते. प्रश्न असा होता की यंत्र कुठे उभे राहायचे आणि त्याचे नियम कोणी ठरवायचे. हे दुसरे काम साम्राज्याने आपल्याकडे ठेवले. 1882 मध्ये विलायती कापडावरचे आयात शुल्क गेले. तिजोरीच्या ओढीने 1894 मध्ये ते परत आले, तेव्हा लँकेशायरने ओरड केली. 1896 पासून आयात कापडावर साडेतीन टक्के आणि देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढेच उत्पादन शुल्क बसले. दुसऱ्या कोणत्याही देशाने आपल्याच गिरण्यांवर परक्यांच्या सोयीसाठी असा कर लावला नसता. तो उठायला 1920 चे दशक उजाडले.

ही गोष्ट सर्वांत स्पष्ट पाहिली ती न्यायमूर्ती रानड्यांनी, आणि आजच्या वादात त्यांचे नाव कोणी काढत नाही याचा मला खेद होतो. 1890 मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत त्यांनी सांगितले की राजकीय वर्चस्व सर्वांना दिसते, पण एका देशाच्या भांडवलाने, उद्यमाने आणि कौशल्याने दुसऱ्या देशाच्या व्यापारावर मिळवलेले वर्चस्व जाणवत नाही, म्हणून ते अधिक भयंकर. 1892 च्या डेक्कन कॉलेजमधल्या व्याख्यानात त्यांनी उष्ण देशांनी कच्चा माल पिकवावा आणि समशीतोष्ण देशांनी पक्का माल करावा, ही वाटणी निसर्गनियम मानायला नकार दिला. ती माणसांनी घातलेली घडी आहे आणि राज्यसत्ता तिला बदलू शकते, हा त्यांचा मुद्दा. त्यांच्यावरचा आरोपही टाळू नये. जावामधल्या डच लागवड पद्धतीचे त्यांनी कौतुक केले. ती 1830 पासून शेतकऱ्यावर लादलेली सक्तीची शेती होती, आणि तिचे क्रौर्य 1860 च्या 'माक्स हाव्हेलार' या कादंबरीने जगापुढे मांडले होते. रानड्यांना त्यातली सक्ती नको होती. सरकार भांडवल देऊन पीक पिकते तिथेच त्यावर प्रक्रिया करवते, एवढे त्यांना घ्यायचे होते. तरीही त्यांची नजर कारखानदाराच्या बाजूने जास्त होती. 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या जोतीराव फुल्यांची नजर तिला जोडल्याशिवाय ती पुरी होत नाही.

ही दोन्ही मापे आजच्या विदर्भाला लावून पाहा. एक क्विंटल कापूस रेच्यातून गेला की साधारण 34 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. 170 किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. 2025-26 च्या लांब धाग्याच्या 8,110 रुपये हमीभावाने त्याचे 40,550 रुपये होतात, तेही हमीभाव हाती पडला तर. गाठ बांधली की बहुतेक गावांचा तिच्याशी संबंध संपतो. सूत, कापड, रंगाई, शिवण यांतली वाढीव किंमत इचलकरंजीत किंवा कोइंबतूरला जमा होते. स्वातंत्र्यानंतर आपण हे बदलायचा प्रयत्न केला नाही असे नाही. 1970 च्या दशकात एकाधिकार कापूस खरेदी आली, सहकारी सूतगिरण्या निघाल्या. पण एकाधिकार योजनेने भावाची हमी दिली, चाती दिली नाही. आणि सूतगिरण्यांपैकी कितीतरी बुडाल्या. एम्प्रेसही बंद पडली, तिच्या जागी मॉल आला.

याला साम्राज्यवाद म्हणू नये, असे कोणी म्हणेल. मीही म्हणत नाही. आज व्हाइसरॉय नाही, मतपेटी आहे, आणि इचलकरंजीचा यंत्रमागधारक हा मँचेस्टर नव्हे. म्हणूनच आपली जबाबदारी वाढते. रानड्यांकडे युक्तिवाद होता, सत्ता नव्हती. आपल्याकडे सत्ता आहे, आणि तरी आयात शुल्क उठवण्याची तारीख वेचणीच्या तोंडावर येते. गिरणीची अडचण खरी असेल, तर तिच्यासाठी तिजोरी उघडावी. तो भार पाच क्विंटल कापूस घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या भावातून वसूल करू नये. 2023 मध्ये अमरावतीसाठी पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क जाहीर झाला आहे. त्याचे मोजमाप गुंतवणुकीच्या आकड्याने न करता वऱ्हाडातल्या किती गाठी तिथे सूत होतात आणि त्या सुताच्या किमतीतला किती वाटा शेतकऱ्याकडे परत येतो, यावर व्हावे. बुटीबोरीत येणाऱ्या कारखान्याला जमीन, पाणी आणि वीजदरात सवलत देतानाही हाच प्रश्न विचारावा: आसपास जे पिकते, जे निघते, त्याच्याशी याचा संबंध काय? संबंध नसला तरी कारखाना यावा, रोजगार हवाच आहे. पण मग त्याला विदर्भाचा विकास म्हणून शेतकऱ्याच्या तोंडावर फेकू नये. रिव्हेट-कार्नॅकने मुलूख आणि त्याचा माल वेगळा केला तो धोरण आखून. तो जोडायचा असेल तर तितकेच ठाम धोरण लागेल, आणि या वेळी ते आखणारे आपणच आहोत.