टेकू आणि कर्तव्य

घरातील वडीलधारे माणूस अतिदक्षता विभागात असावे, रक्तदाब सारखा घसरत असावा आणि डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारावे, "औषधाची मात्रा वाढवीत राहायची काय?" अशा वेळी उत्तर देणारा मुलगा अगदी एकटा पडतो. म्हणून या प्रश्नाचा विचार स्वस्थचित्ताने, वेळ येण्यापूर्वीच व्हावा, असे आम्हांस वाटते.

ही औषधे करतात काय? जंतुसंसर्गाने रक्तवाहिन्या सैल पडल्या म्हणजे नॉरॲड्रेनालिन त्यांना आवळते; हृदयाचा जोर ओसरला तर डोब्युटामिन त्याचे आकुंचन वाढविते. धमनीतील सरासरी दाब प्रायः ६५ मिलिमीटरच्या खाली जाऊ न देणे, हा हेतू. कारण त्यावरच मेंदू व मूत्रपिंडे यांचा रक्तपुरवठा अवलंबून. नॉरॲड्रेनालिन हे काही परके द्रव्य नव्हे. आपले मज्जातंतूच ते निर्माण करतात, हे स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ साली दाखविले.

परंतु याने मूळ रोग हटत नाही. भिंत कलली की गवंडी टेकू देतो, तो पाया दुरुस्त होईपर्यंत. येथे पाया दुरुस्त करावयाचा तो प्रतिजैविकांनी, प्रसंगी शस्त्रक्रियेने. म्हणूनच "यंत्रातंत्रावरचे जिणे नको" म्हणून आरंभीच टेकू नाकारणे ही चूक होय. या आधारावर तगून कित्येक रुग्ण चालत घरी येतात.

दुसरी चूक याच्या उलट. पाया खचलाच आहे, मात्रा वाढता वाढता बोटे काळी पडू लागली आहेत, तरी "लोक काय म्हणतील" या भयाने टेकू वाढवीत राहणे, ही सेवा नव्हे. मृत्यू घडविणे निराळे आणि अटळ मृत्यूची वाट न अडविणे निराळे. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क व आगाऊ लिहून ठेवलेली इच्छा मान्य केली. २०२३ साली त्याची रीत सुलभ केली.

आशा संपली हे ठरवावे कोणी? एकट्या मुलाने नव्हे. अनेक डॉक्टरांचा विचार आणि रुग्णाची स्वतःची इच्छा, या दोहोंनी ते ठरावे. शरपंजरी भीष्मांनी उत्तरायणापर्यंत प्राण धरला, तो काळ युधिष्ठिरास उपदेश करण्यात वेचला. आणि वेळ येताच स्वतः देह सोडला. मिळालेल्या काळास हेतू असावा, हाच त्यातील बोध.

तेव्हा वडिलांची इच्छा ते धडधाकट असतानाच विचारावी. तो प्रश्न अशुभ नाही. पुढे मुलाच्या मनावरील ओझे हलके करणारा तो आशीर्वादच आहे.