परक्या उंबरठ्यावर

बदलीसाठी पसंतीची ठिकाणे कळवावीत, असे परिपत्रक कचेरीत फिरले की आमचे मराठी सहकारी काय लिहून देतात, ते आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. प्रथम इंदूर, मग बडोदे, फार तर हैदराबाद! हा क्रम मैलांवरून लागत नाही. कानी मराठी पडेल की नाही, यावरून लागतो.

व्यापारी कंपन्यांचेही असेच असते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या योहान्सन व वाल्ने या अभ्यासकांनी १९७७ साली या गोष्टीस सिद्धान्ताचे रूप दिले. भाषा, शिक्षण, व्यवहाराच्या रीती यांतील भेदांमुळे दोन देशांत एक मानसिक अंतर पडते. ते जेथे थोडे, तेथे कंपनी प्रथम जाते आणि अनुभव गाठीस बांधून मग पुढे सरकते. त्याच देशातील आयकिया ही फर्निचरची कंपनी १९६३ साली नॉर्वेत गेली, १९६९ साली डेन्मार्कमध्ये. हैदराबादेस तिचे दुकान उघडले ते २०१८ साली. (आमच्या यादीतही हैदराबाद शेवटीच!)

येथवर नुसता हिशेब झाला. खरा प्रश्न उंबरठा ओलांडल्यावर उभा राहतो : परक्या घरी आपले किती सोडावे? मॅक्डोनल्ड्सने १९९६ साली दिल्लीत दुकान मांडले ते गोमांस वगळून. यास कोणी लाचारी म्हणेल. आम्ही तो शिष्टाचार समजतो. पाहुण्याने दाराशी जोडे काढावेत, तसेच ते. परंतु २०१२ साली आयकियाच्या सौदी अरेबियातील सूचिपत्रातून स्त्रियांची चित्रे पुसलेली आढळली. इतर देशांच्या प्रतींत जी स्त्री कुटुंबासह न्हाणीघरात उभी होती, ती सौदी प्रतीत नाहीशी झाली होती. कुटुंब मात्र जागच्या जागी होते. स्वीडनमध्ये ओरड झाली, तेव्हा कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. पहिल्या ठिकाणी कंपनीने स्वतःचा पदार्थ सोडला; दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या माणसालाच सोडून दिले. स्थानिक रीतीचा मान या एकाच सदरात ही दोन्ही कृत्ये कशी घालावीत?

हे विचारण्याचा आम्हांस अधिकार कितपत, हीही शंकाच आहे. या शहरात बिऱ्हाड शोधताना घरमालकांनी मासळी शिजवू नका म्हटले. आम्ही आनंदाने मान्य केले. मग त्यांनी आमच्याच खात्यातील एका सहकाऱ्यास तीच खोली का नाकारली, ते त्याच्या जातीचा उल्लेख करून हसत हसत सांगितले. किल्ली अजून त्यांच्याच हातात होती. आम्ही भाड्याची तारीख विचारली.